भिंतीकडे टोकं केलेले बूट

१

सुल्विकमध्ये वसंत आला हे आकाशाकडे बघून कळत नाही, ते पायाखाली कळतं. कोणी घसरून पडू नये म्हणून हिवाळाभर रस्त्यांवर टाकलेली बारीक खडी बर्फ वितळला की उघडी पडते आणि ईस्टरपर्यंत गावभर करकरत राहते. कुरव पक्षी समुद्रावरून परत येतात, धक्क्यावरच्या घरांच्या खिडक्यांवर हक्कानं घरटी मांडतात आणि दिवसभर भांडतात. आणि रविवारी दुपारी माणसं एकमेकांची घरं बघत फिरतात. विकाऊ घरं, अर्थात. पण ज्यांना काही विकत घ्यायचं नसतं तेही जातात. दुसऱ्याचं न्हाणीघर फुकटात बघायला मिळत असेल तर कोण सोडतं?

हेर्डिसला मात्र खरोखरच घर हवं होतं, आणि तेही ईस्टरच्या आत. शरद ऋतूत तिची आई, आस्ता, गेली. त्यानंतर म्हाताऱ्या हालवारनं दोनदा शेगडी चालू ठेवून घराबाहेर फेरफटका मारला, तेव्हा हेर्डिसनं वडिलांना आपल्या फ्लॅटवर आणलं. तो तिसऱ्या मजल्यावर होता आणि इमारतीला लिफ्ट नव्हती. नगरपालिकेची नर्स येऊन जिना बघून गेली. बाई गोड होती, पण बोलली ते स्पष्ट बोलली. तळमजल्याचं घर मिळालं तर उत्तम, नाहीतर ईस्टरनंतर हालवारसाठी शुश्रूषागृहात खोली राखून ठेवली आहे.

ते शुश्रूषागृह हेर्डिसनं पाहिलं होतं. आस्ताचे शेवटचे महिने तिथेच गेले. रोज संध्याकाळी ती विचारायची, दार कुठल्या बाजूला आहे गं. बाबांना तिथे पाठवायचं नाही, एवढं एकच हेर्डिसनं मनाशी पक्कं केलं होतं.

पहिलं घर चर्चच्या टेकडीवर होतं. दारात बुटांची गर्दी होती. इथे कोणी कोणाच्या घरात बूट घालून शिरत नाही. ज्यांना वाकायचा कंटाळा त्यांच्यासाठी एजंट निळ्या प्लास्टिकच्या पिशव्या ठेवतो, त्या बुटांवर चढवायच्या. बाकी सगळे मोज्यांवर फिरतात, आवाज न करता, एकमेकांकडे न बघता. कोणी कोणाशी बोलत नाही. 'तुम्ही कोण, कुणाबरोबर आलात' असं विचारणं म्हणजे सुल्विकमध्ये दुसऱ्याच्या खिशात हात घालण्यासारखं आहे.

हालवार आत गेलाच नाही. तो दारातच उकिडवा बसला आणि एकेक बूट वळवायला लागला.

ही त्याची जुनी खोड. उभं आयुष्य त्यानं बंदराचा पायलट म्हणून काढलं, बाहेरून आलेली जहाजं खडकांमधून आत आणून लावायची. बोलावणं कधीही यायचं, त्यामुळे बुटात पाय पटकन जाणं हा त्याच्या लेखी धर्मच होता. घरी आलेल्या पाहुण्यांचे बूट तो टोकं दाराकडे करून ठेवायचा, म्हणजे निघताना पाय घातला की झालं. घरच्यांचे मात्र टोकं भिंतीकडे करून. आस्ता म्हणायची, "हा माणूस पाहुणा आला की आधी त्याच्या जाण्याची सोय करतो." आता हालवारला आजचा वार आठवत नव्हता, पण बूट आठवत होते.

"काका, राहू द्या हो," एजंट हसत म्हणाला. त्याचं नाव टोरमोड, तरुण पोरगा, केस तेलानं चोपडलेले. गावातली निम्मी घरं तोच विकायचा.

"तुझे कुठे आहेत?" हालवारनं विचारलं.

"मी पिशव्या घातल्यात."

"मग तू ना पाहुणा ना घरचा," हालवार म्हणाला, आणि टोरमोड मनापासून हसला.

घर काही उपयोगाचं नव्हतं, न्हाणीघर वरच्या मजल्यावर होतं. लोक पांगले, दारातली गर्दी ओसरली. शेवटी हेर्डिसचे काळे बूट, हालवारचे, आणि आणखी एक जोड उरला. बायकांचे तपकिरी बूट, घोट्यापर्यंतचे, ओले. बाकी सगळ्यांची टोकं दाराकडे होती, यांची भिंतीकडे.

"कोणीतरी मोज्यांवरच घरी गेलंय," टोरमोड म्हणाला.

"बाबा, हे वळवायचे राहिले," हेर्डिस गमतीनं म्हणाली.

हालवार आपली नाडी बांधत होता. "ते घरचे आहेत," तो म्हणाला.

घर तर रिकामं होतं, मालक केव्हाच ओस्लोला गेले होते. पण बाबांचं असलं बोलणं हल्ली रोजचंच होतं, त्यामुळे हेर्डिसनं ते सोडून दिलं.

२

पुढचं घर उत्तर धक्क्यावर होतं. पूर्वी तिथे खारवलेल्या माशांचं गोदाम होतं, आता त्याचे फ्लॅट झाले होते. दिवस लख्ख होता. आठवडाभर पाण्याचा थेंब पडला नव्हता, रस्त्यावरची खडी वाळून तिची धूळ उडत होती. पलीकडच्या मांडवांवर वाळत घातलेले मासे वाऱ्यानं एकमेकांवर आपटून लाकडासारखे वाजत होते.

तपकिरी बूट तिथेही होते. भिंतीशी, टोकं आत. आणि ओले.

हेर्डिसनं स्वतःची समजूत घातली. ईस्टरच्या आधी घर शोधणारी ती एकटीच होती थोडीच? सगळीकडे तीच माणसं भेटतात. ते कुत्रेवालं जोडपं, ती नाक उडवणारी मास्तरीण. तशीच ही एक तपकिरी बूटवाली. ओले म्हणशील तर बाई पाण्याकडेनं चालत आली असेल. सगळं पटण्यासारखं होतं. फक्त बुटांखालच्या फरशीवर पाणी साचलं होतं आणि ते अजून थोडं थोडं पसरत होतं.

ती मोज्यांवर फिरली. पायऱ्या नव्हत्या, न्हाणीघर ऐसपैस होतं. तिच्या मनात आशा जागी झाली. बाबा दिसेनात तेव्हा ती त्यांना शोधत शेवटच्या खोलीशी आली. दार लोटलेलं होतं आणि आत हालवार बोलत होता. वेड्यासारखं नाही. दुसऱ्याचं ऐकून घेऊन, मग हुंकार देऊन, मध्येच हसून, नेहमी बोलायचा तसंच.

तिनं दार ढकललं. खिडकीपाशी तो एकटा उभा होता. काचेबाहेरच्या कठड्यावर एक कुरव बसून आत बघत होता.

"कोणाशी बोलत होतात?"

"तिला नाही आवडली ही खोली. वारं घुसतं म्हणते."

आईला जाऊन सहा महिनेही झाले नव्हते. तिनं त्याचा हात धरला. "आई असती तर तिलाही नसती आवडली."

हालवारनं तिच्याकडे पाहिलं. चुकीच्या माणसाच्या हाकेला ओ दिल्यावर बघतो तसं, जरा ओशाळून. "आस्ता गेली की," तो समजुतीच्या सुरात म्हणाला. "मी पोरीचं म्हणतोय."

तेवढ्यात कुत्रेवालं जोडपं आत आलं, आणि सगळ्यांनी मिळून छताकडे बघितलं.

तो फ्लॅट दुसऱ्या कोणीतरी जास्त बोली लावून घेतला.

३

हेर्डिस गावच्या बंदिस्त, गरम पाण्याच्या तलावावर मुलांना पोहायला शिकवायची. मंगळवारी सकाळी तिचा सगळ्यात लहान मुलांचा वर्ग असायचा, जी पाण्यात उतरायच्या आधी रडून घेतात आणि बाहेर काढताना पुन्हा रडतात. त्या मंगळवारी ती दुपारी परतली तेव्हा तळमजल्यावरची उन्नी खुर्ची बाहेर टाकून भिंतीला टेकून ऊन खात बसली होती. डोळे मिटून, कोट घालून, गुडघ्यावर कॉफीचा कप.

"काय गं, आता हात तरी कर," उन्नी डोळे न उघडता म्हणाली. "सकाळी केलास तेवढाच काय तो."

"सकाळी मी दिसले तुला?"

"बाबांना घेऊन निघालीस तेव्हा. जिन्यात त्यांचा हात धरलास, मी खिडकीतून हात केला, तू पण केलास. म्हटलं, चला, बया आज खुशीत दिसतेय."

"उन्नी, मी सकाळपासून तलावावर होते."

उन्नीनं एक डोळा उघडला. मग दोन्ही. "मग पाठमोरं बघण्यात चूक झाली असेल," ती म्हणाली, आणि लगेच पुढे म्हणाली, "माझा चष्मा बदलायचाय." पण हात करणारी बाई पाठमोरी कशी असेल?

हेर्डिस धावत वर गेली. हालवार खुर्चीत बसून मोजे रफू करत होता. तिच्या जिवात जीव आला. त्याच्या गालांवर बाहेरच्या वाऱ्याची लाली होती. तिनं ती पाहिली आणि न पाहिल्यासारखं केलं.

"आज कुठे गेला होतात?"

"घर बघायला. पिवळं आहे. नेसच्या टोकाला." त्यानं दातानं धागा तोडला. मोजा करडा होता आणि टाचेवर रफू लाल लोकरीचं. मोजा कुठल्याही रंगाचा असो, हालवार रफू लालच करायचा. बोटीवर ज्याचे मोजे त्याला ओळखू यावेत म्हणून लागलेली ती सवय.

"कोणाबरोबर?"

"तुझ्याबरोबर," तो म्हणाला, आणि मग गोंधळून तिच्या पायांकडे बघायला लागला. तिच्या पायात दुकानातले साधे पांढरे मोजे होते. रफूचे मोजे टोचतात म्हणून तिनं ते कधी घातले नव्हते, हे त्याला कळू मात्र दिलं नव्हतं. ती ते खणात ठेवून द्यायची.

त्या रात्री तिनं खण उघडला. हिवाळाभर त्यानं रफू केलेल्या मोज्यांमधला एकही जोड तिथे नव्हता.

४

हेर्डिसनं शांतपणे विचार करायचं ठरवलं. बाबा एकटे जिना उतरले असतील. बाहेर कोणा भल्या बाईनं त्यांचा हात धरला असेल. मोजे त्यांनीच कुठेतरी ठेवले असतील, मागे चष्मा फ्रीजमध्ये ठेवला होता तसे. उन्नीचा तर चष्माच बदलायला झालाय. प्रत्येक गोष्टीला वेगळं कारण होतं आणि प्रत्येक कारण बरं होतं. ती सगळी एकत्र ठेवली की मात्र तिला झोप लागेना.

आणि त्यातच तिला बंदराचा तो दिवस आठवला. तसा तो ती कधी विसरली नव्हती. लहानपणी, अशाच बर्फ वितळायच्या दिवसांत, ती धक्क्यावरून पाण्यात पडली होती. बुटांत पाणी भरलं आणि बूट तिला खाली ओढायला लागले. हालवारनं कोटासकट उडी मारली. तो नेहमी सांगायचा, मी तुला बुटातून उपसून काढली. बूट खालीच राहिले. म्हणून तर ती आता दुसऱ्यांच्या पोरांना पोहायला शिकवत होती.

ते बूट तपकिरी होते. पण लहान मुलीचे होते, आणि हे बायकांचे. हेर्डिसला स्वतःचंच हसू आलं. बूट काय वाढतात?

सकाळी न्याहारीला तिनं पावावर तपकिरी चीजचे काप ठेवता ठेवता सहज विचारलं, "बाबा, मी पाण्यात पडले होते ते आठवतं?"

"न आठवायला काय झालं," हालवार म्हणाला. त्याचा चेहरा एकदम स्वच्छ झाला, जुन्या गोष्टींच्या वेळी व्हायचा तसा. "पाणी काळं होतं. खाली हात घातला, हाताला केस लागले. ओढलं वर." तो थांबला. पाव तसाच हातात राहिला. "वर आल्यावर कळलं, खालून अजून कोणीतरी माझा पाय धरलाय."

"हे तुम्ही कधी बोलला नाहीत."

"कोणी विचारलं नाही," तो म्हणाला आणि पाव खायला लागला.

५

पिवळं घर खरंच होतं. नेसच्या, म्हणजे समुद्रात घुसलेल्या जमिनीच्या पट्ट्याच्या टोकाला, एकमजली, लाकडी, पुढे दगड आणि त्यापुढे समुद्र. जाहिरात अजून आली नव्हती. हेर्डिसनं फोन केला तर टोरमोड म्हणाला, "हो, या ना, परत बघायचं असेल तर आज दुपारीच या." त्याच्या त्या 'परत'वर हेर्डिसनं फोन ठेवल्यानंतर विचार केला.

घर बघताक्षणी तिला आवडलं. एक पायरी, ती पण बुटकी. दोन झोपायच्या खोल्या शेजारी शेजारी, म्हणजे रात्री बाबांनी हाक मारली तर ऐकू येईल. न्हाणीघराचं दार रुंद. तिला रडूच येईल असं वाटलं, इतकं ते घर तिला हवं तसं होतं. मागून हालवार बारीक शीळ घालत होता. आस्ता गेल्यापासून तिनं त्याची शीळ ऐकली नव्हती.

आज दुसरं कोणी येणार नव्हतं. तरी दारात भिंतीशी तपकिरी बूट होते.

"तुमच्या बहिणीला तर घर पसंत पडलंच होतं," टोरमोड पिशव्यांचा आवाज करत तिच्यामागून चालत म्हणाला. "तुम्ही दोघींनी मिळून ठरवलंत की कळवा."

"मला बहीण नाही."

टोरमोडचे कान लाल झाले. हेर्डिसला त्याचा चेहरा पुढे कितीतरी दिवस आठवत राहिला. तो घाबरला नव्हता. तो लाजला होता. त्याला वाटलं, दोघी बहिणींचं भांडण आहे, एकमेकींशी बोलत नाहीत, आणि आपण नको तिथे तोंड घातलं.

"माफ करा," तो घाईनं म्हणाला. "मी विचारायलाच नको होतं. म्हणजे, दर वेळी तुम्ही दोघी असता, एक या खोलीत तर एक त्या खोलीत, मी कधी काही... तो तुमच्या घरचा प्रश्न आहे."

"कशी दिसते ती?"

टोरमोड जमिनीकडे बघायला लागला. असल्या भांडणात साक्ष द्यायची त्याची अजिबात तयारी नव्हती. "तुमच्यासारखीच की," तो पुटपुटला. "मी गाडीत थांबतो. सावकाश बघा."

तो गेला. हेर्डिस मधल्या बोळात उभी होती. बाबांची शीळ पुढच्या खोलीतून येत होती. आणि तिच्या मागे, स्वयंपाकघराच्या बाजूला, लाकडी फळीवर मोज्यातलं पाऊल पडलं.

ती वळली. बोळाच्या टोकाला, कोपऱ्यावरून आत जाणारी एक टाच तिला दिसली. फक्त टाच. करडा मोजा, त्यावर लाल रफू. कोणी पळत नव्हतं, लपत नव्हतं. आपल्या घरात माणूस चालतं तसं ते पाऊल निवांत होतं.

ती स्वयंपाकघरात गेली. कोणी नव्हतं. मागच्या दाराची कडी आतून लावलेली होती. उंबऱ्यापाशी फळीवर पावलाचा ओला ठसा होता. हेर्डिस त्याच्याकडे बघत राहिली, आणि मग, का ते तिचं तिलाही सांगता आलं नसतं, तिनं आपलं पाऊल त्यावर ठेवलं. ते बरोबर बसलं. उचललं तेव्हा तिचा मोजा कोरडा होता.

"काय मग," हालवार दारात येऊन म्हणाला, "घेऊया?"

तो कोणाकडे बघून बोलला हे तिला नीट कळलं नाही. ती खिडकीपाशी होती, आणि त्याची नजर जरा बाजूला, टेबलाकडे होती.

तिनं संध्याकाळी बोली लावली. गाडीतून येताना तिनं स्वतःशी वाद घातला होता. एका ओल्या ठशापायी बाबांना त्या इमारतीत टाकायचं, जिथे आई रोज दार शोधायची? लोकांना काय, लोकांना दोनाच्या जागी चार दिसतात. तिला ते घर हवं होतं आणि बाबाही हवे होते, आणि यापलीकडचा विचार तिनं केला नाही. सकाळी टोरमोडचा फोन आला की घर तुमचं. त्यानं 'तुमचं' म्हणताना कोण कोण हे विचारलं नाही.

६

पहिले दिवस छान गेले. खरंच छान गेले. नर्स येऊन घर बघून गेली, खूश झाली, शुश्रूषागृहातली खोली दुसऱ्या कोणाला दिली. जाताना दारात हेर्डिसला म्हणाली, "ते काही चुकीचं बोलले तर वाद घालू नका हं. त्यांच्या कलानं घ्या. वाद घातला की घाबरतात." हेर्डिसनं मान हलवली.

बूट दिसले नाहीत. हेर्डिस रोज सकाळी उठून आधी दारात बघायची. हालवारचे बूट आणि तिचे काळे, दोन्हींची टोकं भिंतीकडे. त्या दोन जोडांकडे बघून तिला जे सुख व्हायचं ते कोणाला सांगितलं असतं तर हसले असते.

एकदाच असं झालं की ती कामावरून आली तर ओट्यावर दोन कप विसळून पालथे घातलेले होते. हालवार एकटाच दोन कप कॉफी प्यायला असेल. ज्याला पहिला कप आठवत नाही तो दुसरा घेणारच.

७

ईस्टरच्या आदल्या दिवशी, शनिवारी, ती जुन्या फ्लॅटवरून शेवटची खोकी आणि वाटेत संत्री घेऊन परत आली. नगरपालिकेची झाडणारी गाडी सकाळीच येऊन गेली होती. रस्त्यावर खडीचा एक कण नव्हता, तिच्या चालण्याचा आवाजही येत नव्हता. ऊन स्वच्छ होतं आणि सगळं कोरडं होतं.

तिनं किल्लीनं दार उघडलं. भिंतीशी हालवारचे बूट होते. शेजारी तपकिरी. ते आज कोरडे होते, वर ग्रीससुद्धा लावलेलं, टोकं भिंतीकडे.

तिनं आपले काळे बूट काढले आणि बाजूला, जिथे जागा होती तिथे ठेवले.

हालवार हात पुसत बाहेर आला. दाढी केलेली, सदरा इस्त्रीचा. तिला बघून थबकला आणि मग अगत्यानं हसला. "या, या. घर बघायला आलात? तो पोरगा काही बोलला नाही."

वाद घालू नका, त्यांच्या कलानं घ्या. हेर्डिसनं संत्री खाली ठेवली. "हो," ती म्हणाली. "बघू का?"

"बघा की. विकायचं नाहीये म्हणा, पण बघायला काय जातंय."

त्यानं तिला घर दाखवलं. खिडकी कशी उघडते, वारं कुठून येत नाही, खडकांमधून जहाज आत येताना इथून कसं दिसतं. इतकं नीट तो कित्येक महिन्यांत बोलला नव्हता. मग त्यानं तिच्याच खोलीचं दार उघडलं. "ही आमच्या मुलीची."

हेर्डिसनं सकाळी तशीच ठेवलेली खोकी रिकामी होती. कपडे कपाटात लावलेले, पलंगावर चादर ताणून बसवलेली. हीटरवर करडे मोजे वाळत होते, ओळीनं, लाल टाचांचे. हिवाळाभराचे सगळे.

स्वयंपाकघरात नळ सुरू झाला आणि बंद झाला. बशीवर कप ठेवल्याचा आवाज आला.

"कॉफी करतेय ती," हालवार म्हणाला.

स्वयंपाकघर जवळच होतं. जाऊन बघायला काहीच लागलं नसतं. हेर्डिस गेली नाही. तिथे कोणी नसेल तर याचा अर्थ एवढाच, की बाबा तिला विसरले. आणि कोणी असेल तर? यातलं काय असावं अशी इच्छा करायची हेच तिला कळेना.

"बाबा," ती म्हणाली. "मी हेर्डिस."

तो गडबडला. एकदा त्यानं तिच्याकडे बघितलं, एकदा स्वयंपाकघराकडे, परत तिच्याकडे. त्याच्या ओठांनी काहीतरी जुळवायचा प्रयत्न केला. क्षणभर तिला वाटलं, आता ओळखतील. मग त्याची नजर तिच्या पांढऱ्या मोज्यांवर गेली आणि चेहरा निवळला.

"बघा, कसा योगायोग," तो म्हणाला. "आमच्या मुलीचंही तेच नाव." आणि जरा थांबून, "तुमचे वडील आहेत?"

"आहेत."

"त्यांना एकटं सोडू नका हो," हालवार म्हणाला. "या वयात फार गोंधळ होतो माणसाचा."

बोलत बोलत तो तिला दारापर्यंत घेऊन आला होता, घाई न करता, पाहुण्याला आणतात तसं. वाकायला त्याला त्रास व्हायचा, तरी तो वाकला. काळे बूट उचलले, वळवले, टोकं दाराकडे करून तिच्यापुढे ठेवले.

"घाला सावकाश," तो म्हणाला. "आणि परत या कधी."

हेर्डिसनं पाय आत घातले. बूट पाण्यानं भरलेले होते. बर्फासारखं गार, खारट वासाचं पाणी, तळाशी रेती. ती बाहेर पायरीवर आली आणि दार तिच्यामागे हळूच लागलं. आतून हालवारचा आवाज आला, प्रेमळ, थोडा दमलेला.

"कोणी नाही गं. घर बघायला आल्या होत्या एक. बिचाऱ्या."

त्यावर आतून काही उत्तर आलं असेल तर ते बाहेर ऐकू आलं नाही. हालवार हसला तेवढं आलं.

ऊन तसंच होतं. पायरीवर तिच्या बुटांभोवती पाणी साचत चाललं होतं. किल्ली तिच्या कोटाच्या खिशात होती आणि तिचा हात किल्लीवर होता. पण परक्याच्या घरात कोणी असं किल्ली लावून शिरत नाही. हेर्डिसनं केस नीट केले आणि बेल वाजवली.